वाचकांचे प्रश्न : रेड वाइनचा तुरटपणा कसा पारखायचा?

रेड वाइन चाखण्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न या ना त्या वाटेने तुरटपणापाशीच येतात. म्हणून त्याचंच उत्तर आधी आणि सविस्तर दिलं आहे.

नाशिकजवळच्या एका वायनरीत पाच रेड वाइन चाखल्या. तिथे सांगितलं, ‘हिचे टॅनिन मऊ आहेत, तिचे जरा कडक.’ मला सगळ्याच तुरट लागल्या. मऊ तुरट आणि कडक तुरट हा फरक खरा असतो का? – एक वाचक, ठाणे

खरा असतो, आणि उत्तम रेड वाइनची पारख बरीचशी याच फरकावर होते. वासाला छान असलेल्या वाइन पुष्कळ मिळतात. तुरटपणा जमलेल्या कमी मिळतात.

तुरट ही गोड-आंबटासारखी चव नाही, तो स्पर्श आहे. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि देठांत टॅनिन असतं, थोडं ओक लाकडाच्या पिंपातूनही उतरतं. आपल्या लाळेतली काही प्रथिनं तोंड निसरडं ठेवतात. टॅनिन त्यांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतं. निसरडेपणा गेला की जीभ टाळूला घासते आणि आपण म्हणतो, ‘तुरट आहे.’ म्हणून तुरटपणा ‘किती’ हे विचारून भागत नाही. तो कुठे लागतो, पोत कसा आहे आणि उतरतो कसा, हे पाहावं लागतं.

घोट थुंकल्यावर किंवा गिळल्यावर जिभेचं टोक वरच्या पुढच्या हिरड्यांवरून हळूच फिरवा. पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर हिरड्यांवर जो एकसारखा, मलमली लेप बसतो, तसं लागलं तर तो मऊ तुरटपणा. कच्च्या पेरूचा दडस घास किंवा चुकून चावलेली केळीची साल आठवा. तिथे हिरड्या आक्रसतात, गाल आत ओढले जातात, जिभेच्या मुळाशी कडवट रेघ राहते. तो कडक, हिरवा तुरटपणा. आता दहापर्यंत आकडे मोजा. चांगल्या वाइनमध्ये तेवढ्यात लाळ पुन्हा सुटते आणि फळाची चव मागे उरते. वाईट वाइनमध्ये फळ आधी जातं आणि कोरड तेवढी मागे राहते.

हे बिघडतं कुठे, तर बहुतेक वेळा बागेतच. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी (वेल तयार करण्यासाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी (फळासाठी) होते, म्हणून वाइनची द्राक्षं साधारण जानेवारीअखेर ते मार्चमध्ये तोडणीला येतात. म्हणजे ऊन चढत असतानाच पिकणं चालू असतं. साखर भराभर वाढते, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २३-२४ वर जातो, पण बी आणि साल मागेच राहतात. नुसत्या साखरेच्या आकड्यावर तोडणी केली की मद्यार्क भरपूर आणि तुरटपणा हिरवा, अशी वाइन होते. म्हणून जाणकार बागाईतदार मणी फोडून बी चावून पाहतो. बी तपकिरी, कुरकुरीत, भाजलेल्या दाण्यासारखी लागली तर तोडायची. हिरवी, चिवट आणि कडू असली तर थांबायचं. पुढे वायनरीतही चूक होऊ शकते. आंबवलेला चोथा जास्त जोराने दाबला की बियांचा कडवटपणा रसात उतरतो.

घरी सराव करायला वाइनही लागत नाही. दोन कपांत प्रत्येकी २०० मिलि उकळतं पाणी घ्या, प्रत्येकात एक चमचा चहापूड घाला. एक कप दोन मिनिटांनी गाळा, दुसरा आठ मिनिटांनी. दूध-साखर नको. दोन्ही कोमट होऊ द्या आणि आळीपाळीने चाखा. मग आठ मिनिटांच्या चहाचे तीन भाग करा. एकात अर्धा चमचा साखर घाला, दुसऱ्यात लिंबाचे चार थेंब, तिसऱ्यात चमचाभर दूध. साखरेने तुरटपणा मागे सरतो, लिंबाने तो अधिक बोचतो, दुधाने जवळजवळ नाहीसा होतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला आधीच पकडून ठेवतात. वाइनमधला ‘समतोल’ म्हणतात तो हाच, चहाच्या कपात. चीजसोबत कुठलीही रेड वाइन बरी का लागते, तेही यात कळतं. विकत घेण्याआधी वाइन चाखताना चीजचा तुकडा दूर ठेवा.

चाखण्याची पद्धत पायरीपायरीने सांगा. घरी करायचं आहे. – एक वाचक, पुणे

आधी खोली. फोडणी, उदबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा यांपैकी काहीही जवळ असेल तर वाइनचा वास कळणार नाही. पान, सुपारी, तंबाखू किंवा झणझणीत जेवण यांनंतर निदान तासभर जाऊ द्या. सकाळी अकराच्या सुमाराला, किंचित भूक असताना नाक-जीभ सगळ्यात तरतरीत असतात.

मग ग्लास. रिकामा ग्लास आधी हुंगा. कपाटाचा, साबणाचा किंवा डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर गरम पाण्याने विसळा आणि बिनवासाच्या फडक्याने पुसा. ग्लास पोटात रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. व्यावसायिक चाखणीसाठी ठरलेला प्रमाणित ग्लास सुमारे २१५ मिलिचा असतो आणि त्यात ५० मिलि वाइन ओततात. उरलेली जागा वासासाठी असते, काठोकाठ भरायची नसते.

तापमानात सगळ्यात जास्त चूक होते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड देशांतल्या घरांचा. आपल्याकडे उन्हाळ्यात खोली ३० अंशांवर असते आणि त्या तापमानाला मद्यार्क नाकात चढतो, फळ शिजल्यासारखं लागतं. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों यांसारख्या द्राक्षांच्या भारदस्त वाइनला १६ ते १८ अंश हवेत. ३० अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये तास-सव्वा तास ठेवा, किंवा बर्फ आणि पाणी असलेल्या बादलीत दहाएक मिनिटं. नुसता बर्फ नको, पाणी हवंच, त्याशिवाय बाटलीला गारवा सगळीकडून लागत नाही. जास्त गार झाली तर तुरटपणा आणखी कडक भासतो. तेव्हा ग्लास तळव्यांत धरून दोन मिनिटं थांबा.

आता वाइन. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहा. मग न हलवता एकदा हुंगा आणि त्यानंतर ग्लास टेबलावरच ठेवून चार-पाच वेळा गोल फिरवून पुन्हा हुंगा. लांब श्वास घेऊ नका, दोन-तीन आखूड हुंगे पुरतात, कारण नाक लवकर थकतं. पहिल्या हुंग्यात जे सुचेल ते लगेच लिहा. पाच मिनिटांनी तोच शब्द आठवत नाही.

घोट साधारण दोन चमच्यांचा घ्या. दहा सेकंद तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. हवेबरोबर वास घशामागून नाकात जातो आणि चवीचा मोठा भाग तिथेच कळतो. क्रमाने लक्ष द्या : आंबटपणा (जिभेच्या कडांना लाळ सुटते), तुरटपणा (हिरड्या, गाल), मद्यार्काची ऊब (घसा), आणि अंग, म्हणजे घोट पाण्यासारखा की दुधासारखा जड. मग पिकदाणीत थुंका. थुंकणं हा वाइनचा अपमान नाही. सहा वाइन पारखायच्या तर दुसरा उपाय नाही.

थुंकल्यावर मोजणी सुरू करा. चव किती सेकंद टिकते? पाचाच्या आत विरली तर साधी, दहाच्या पुढे गेली तर चांगली, पंधरा-वीसपर्यंत गेली तर उंची. फ्रान्समध्ये या एका सेकंदाला ‘कोदाली’ असं नावच आहे. मात्र मोजायची ती फळाची, मसाल्याची सुखद चव. कडवटपणा किंवा घशातली जळजळ तासभर टिकली तरी तिला गुण नाहीत.

बाटलीमागे ‘ब्लॅककरंट, सीडार, व्हायोलेट’ लिहिलेलं असतं. यांतलं काहीच मी खाल्लं-हुंगलेलं नाही. मग मला वाइन कळणार कशी? – एक वाचक, कोल्हापूर

तुमच्या नाकाला जे ठाऊक आहे त्यातूनच कळणार. ब्लॅककरंट हा शब्द युरोपातल्या स्वयंपाकघरातून आला, आपल्या स्वयंपाकघरातले शब्द तितकेच नेमके आहेत. जांभूळ, करवंद, तुती, आमसूल, काळ्या मनुका, खारीक, लवंग, दालचिनी, मिरी, ओला कात, बिडीचं पान, पहिल्या पावसाची माती, नवी चामड्याची चप्पल. ही यादी आठवड्याभरात पक्की करा. डबे उघडून डोळे मिटून हुंगा आणि नाव सांगा. स्वतःच्याच मसाल्याच्या डब्यात किती गफलत होते ते पाहून आश्चर्य वाटेल.

यातले काही वास उपमा नसून शब्दशः खरे असतात. शिराझमध्ये मिरीचा वास येतो तो रोटंडोन या द्रव्यामुळे. तेच द्रव्य काळ्या मिरीतही असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवलं, आणि पाचांपैकी साधारण एका माणसाला हा वास येतच नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा शेजारच्याला मिरी आली आणि तुम्हाला नाही, तर दोघंही बरोबर असू शकता. कॅबर्नेमधला ढोबळी मिरचीचा वासही असाच. पायराझीन गटातली द्रव्यं दोन्हींत असतात आणि मणी पिकत जाईल, घडांवर ऊन पडेल तशी ती कमी होतात. किंचित असेल तर कॅबर्नेला ताजेपणा येतो. भाजी चिरल्यासारखा वास आला तर द्राक्षं अपुरी पिकलेली होती. व्हॅनिला आणि खोबरं हे मात्र द्राक्षाचे नाहीत, ओकच्या लाकडाचे आहेत. खोबऱ्याचा वास ठळक असेल तर बहुधा अमेरिकन ओक.

वासांची यादी मोठी झाली म्हणजे वाइन मोठी झाली असं नाही. दर दहा मिनिटांनी त्याच ग्लासात वेगळं काही सापडत असेल, तर मात्र ते लक्षण चांगलं.

ग्लासाच्या काचेवरून ओघळ उतरतात. ते जितके जाड तितकी वाइन उत्तम का? आणि गडद रंगाचं काय? – एक वाचक, नागपूर

नाही. ओघळ मुख्यतः मद्यार्कामुळे होतात, साखरेने थोडे जाड होतात. दर्जाशी संबंध नाही. गडदपणाचंही तेच. इटलीतल्या बारोलोची नेब्बियोलो वाइन फिकी असते आणि तरी जगातल्या सर्वाधिक तुरट, दीर्घायुषी वाइनमध्ये गणली जाते. रंगातून वय मात्र कळतं. तिरक्या ग्लासाची कड जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर जुनी. दोन वर्षांच्याच बाटलीची कड विटकरी दिसली तर ती उष्णतेत किंवा हवेत सापडली असावी.

हॉटेलात वेटर थोडी वाइन ओतून थांबतो. तेव्हा नेमकं काय करायचं? आवडली नाही म्हणून परत करता येते का? – एक वाचक, मुंबई

तो घोट आवडीनिवडीसाठी नसतो, बाटली खराब आहे का एवढंच पाहण्यासाठी असतो. हुंगा, एक छोटा घोट घ्या आणि पुढच्यापैकी काही असेल तर न संकोचता सांगा.

पावसाळ्यात भिजलेला पुठ्ठा किंवा ओलं गोणपाट, असा कुबट वास आणि फळ गप्प : हा बुचाचा दोष. टीसीए नावाचं द्रव्य लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी वाइन मारून टाकतं. तो ग्लासात ठेवल्याने जात नाही, उलट वाढत जातो. स्क्रू-कॅपच्या बाटलीत हा दोष क्वचितच येतो.

नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा किंवा शिरक्याचा झणका : जिवाणूंनी अॅसिटिक आम्ल बनवलं. जखमेवरची चिकटपट्टी, तबेला : ब्रेटानोमायसिस हे यीस्ट. थोडं असेल तर काहींना आवडतं. आमच्या मते मात्र फळाच्या पुढे गेलेला तबेला हा दोषच, बाटली कितीही महाग असो. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आणि मरगळलेला रंग : हवा लागली. शिजवलेल्या जॅमचा वास आणि बूच किंचित वर आलेलं : बाटली उन्हात तापली. एप्रिल-मेच्या वाहतुकीत असं होतं.

सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास आला तर घाई करू नका. तो हवेच्या अभावाने आलेला असतो आणि ग्लास जोरात फिरवल्यावर पुष्कळदा पाच-दहा मिनिटांत निघून जातो. खात्री करायची तर थोड्या वाइनमध्ये चिंचेने घासलेली स्वच्छ तांब्याची पळी काही सेकंद फिरवून पाहा. वास पळाला तर गंधकाचाच होता. ही फक्त परीक्षा, ती वाइन टाकून द्या.

परीक्षक गुण कसे देतात? आणि ते कितपत खरे मानायचे? – एक वाचक, पणजी

दोन पद्धती रूढ आहेत, २० गुणांची आणि १०० गुणांची. घरी आम्ही अशी वाटणी सुचवू : वास ६, तोंडातला समतोल आणि तुरटपणाचा पोत ७, शेवट किती टिकतो याला ४, एकूण ठसा ३. रंगाला वेगळे गुण नकोत, कारण रंग डोळ्यांवाटे जिभेला फसवतो. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. काही परीक्षक काळे ग्लास वापरतात ते यासाठीच.

लेबल तर रंगापेक्षाही फसवतं. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइनविक्रेत्याने नामवंत फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून बोर्दो आणि कॅलिफोर्निया अशा दहा रेड वाइन चाखायला दिल्या. पहिली आली ती स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅलिफोर्नियन कॅबर्ने, दुसरी बोर्दोची शातो मूतों-रोथशिल्ड १९७०. या निकालाने जग हललं. पण पहिल्या-दुसऱ्यातलं सरासरी अंतर २० पैकी अर्ध्या गुणाहूनही कमी होतं, हे फार कमी लोक सांगतात. एवढ्या फरकाने क्रम ठरत नाही. दोन वाइन एकाच दर्जाच्या होत्या, एवढंच त्यातून कळतं. तेव्हा ८९ आणि ९१ गुणांच्या बाटल्यांत दुप्पट किंमत मोजण्याआधी विचार करा.

आठ वर्षांपूर्वी भेट मिळालेली भारतीय शिराझ माळ्यावर आहे. जुनी म्हणून आता उत्तम झाली असेल ना? तळाशी गाळही दिसतो. – एक वाचक, औरंगाबाद

बहुधा नाही. आपल्याकडच्या बहुतेक रेड वाइन दोन ते चार वर्षांत प्याव्यात अशाच बनवलेल्या असतात, काही निवडक राखीव बाटल्या याहून जास्त टिकतात. टिकायला भरपूर पक्व टॅनिन, आंबटपणा आणि मुख्य म्हणजे १२ ते १५ अंशांची स्थिर जागा लागते. माळा ही घरातली सगळ्यात गरम जागा. पुढच्या बाटल्यांसाठी फ्रिजचा खालचा कप्पा बरा.

गाळ मात्र दोष नाही. रंग आणि टॅनिन एकत्र होऊन जड झाले की तळाशी बसतात, कधी टार्टरचे (द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे) स्फटिकही असतात. बाटली एक दिवस उभी ठेवा. उघडून, मानेखाली टॉर्च धरून, एका दमात हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओता, आणि गाळाची काळी रेघ मानेपाशी आली की थांबा. जुनी वाइन अशी ओतली की लगेच चाखा, अर्ध्या तासात तिचा वास उडून जाऊ शकतो. कोवळ्या, कडक वाइनला उलट तासभर हवा मिळाली तर बरं.

मटणाच्या तांबड्या रश्शासोबत कोणती रेड? – एक वाचक, सातारा

मिरचीच्या तिखटपणात तुरटपणा आणि मद्यार्क दोन्ही जास्त बोचतात. त्यामुळे ओकमधली भारी कॅबर्ने इथे वाया जाते. कमी तुरट, फळदार, जरा गार (१४ अंश) वाइन घ्या. भारी बाटली मीठ-मिरी लावून भाजलेल्या मटणासाठी ठेवा. मीठ आणि चरबी तुरटपणा मऊ करतात.

आम्ही सहा मित्र घरी झाकून चाखणी करणार आहोत. कशी मांडावी? – एक वाचक, सांगली

चार वाइन पुरेत, एकाच द्राक्षाच्या आणि शक्यतो एकाच वर्षाच्या. शिराझ मिळायला सोपी. ७५० मिलिच्या बाटलीतून ५० मिलिचे पंधरा भाग निघतात, म्हणजे प्रत्येक वाइन दोनदा चाखूनही उरेल. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून रबर लावा, आकार ओळखू येऊ नये म्हणून मानेपर्यंत. बूच आणि झाकणं काढून टाका. क्रमांक घालणारा आणि ओतणारा वेगळा ठेवा.

एक पाचवा ग्लासही ठेवा, त्यात चारांपैकीच एक वाइन पुन्हा ओता (तिच्या दोन बाटल्या लागतील) आणि कुणाला सांगू नका. ज्याने त्या दोन ग्लासांना २० पैकी तीनहून जास्त फरकाने गुण दिले, त्याचे त्या दिवसाचे बाकीचे गुणही जपून वाचा. दोन वाइनच्या मध्ये पाणी, साध्या पावाचा तुकडा आणि मिनिटभर थांबणं, कारण तुरटपणा साचत जातो आणि चौथी वाइन उगाचच कडक ठरते. म्हणून दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा. सगळ्यांचे कागद लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने ‘जांभूळ’ म्हटलं की पाचही जणांना जांभूळच येतं.